चर्मपत्राचे ग्रंथ: मेणबत्तीपेक्षा चाकू महत्त्वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मध्ययुगीन युरोपातील हस्तलिखित ग्रंथांवर लेख आला, याचा आनंद झाला. मराठीत या विषयावर क्वचितच कोणी लिहिते. मात्र लेखातला तो भिक्षू, मिणमिणत्या मेणबत्तीशेजारी, भलामोठा तुरा असलेले पीस धरून, पिवळ्या कागदावर जन्मभर एकच बायबल उतरवत बसलेला, हा सिनेमातून उसना आणलेला आहे. मेणबत्ती चूक, तुरा चूक, कागद चूक, आणि एकटेपणाही बहुतांशी चूक. हे ग्रंथ म्हणजे कसायापासून सोन्याचा वर्ख ठोकणाऱ्यापर्यंत अनेकांचे हात लागलेला कारागिरीचा माल होता. पानावरची जवळजवळ प्रत्येक खूण कुठल्या ना कुठल्या व्यावहारिक अडचणीतून आलेली असते. आम्ही ग्रंथजतनाच्या कामातले. त्यातल्या काही खुणा इथे सांगतो. जागा असेल तेवढे छापावे.

आधी कागदाचे. बाराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात ग्रंथ म्हटला की चर्मपत्रच. कागदाची विद्या अरबांकडून स्पेनमध्ये आली, इटलीत फाब्रियानोचा कागद तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नावारूपाला आला, आणि जर्मनीतली पहिली ज्ञात कागदगिरणी न्यूरेंबर्गजवळ १३९० साली निघाली. पुढे कागद स्वस्त झाला तरी बांधणीचा दोरा त्याला कापतो म्हणून प्रत्येक फर्म्याच्या (एकात एक घातलेल्या दुमडींच्या जुडग्याच्या) बाहेर आणि मधोमध चर्मपत्राची एकेक दुमड घालण्याची पद्धत पंधराव्या शतकातही दिसते.

चर्मपत्र वासराचे, शेळीचे किंवा मेंढीचे. कातडे धुऊन चुन्याच्या पाण्यात ३ ते १० दिवस ठेवायचे, थंडीत जास्त, आणि दिवसातून अनेकदा काठीने ढवळायचे. चुन्याने केसांची मुळे सैल होतात. कमी दिवस ठेवले तर केस सुटत नाहीत, जास्त ठेवले तर कातड्यातला जीव जातो. मग गोल पाठीच्या ओंडक्यावर टाकून बोथट वक्र सुरीने केस खरवडायचे, उलटून मांस-चरबी काढायची आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात. इथवर चामडे कमावणाऱ्याचे कामही असेच असते. वाट फुटते ती पुढे, कारण हे कातडे कमावत नाहीत. ओले असतानाच ते लाकडी चौकटीत ताणतात. कडेला भोक पाडून दोरी ओवली तर ताणाने कातडे फाटते, म्हणून कडेत ठिकठिकाणी एकेक गोटा घालून कातडे त्याभोवती मुरडतात, त्या गाठीला दोरी बांधतात आणि दोरीचे दुसरे टोक चौकटीतल्या खुंटीला. सुकत जाईल तशी खुंटी पिळायची आणि अर्धचंद्राकृती सुरीने दोन्ही बाजू तासायच्या. सुरी अर्धचंद्राकृतीच का, तर सरळ पात्याचा कोपरा ताणलेल्या कातड्यात रुतला की आरपार गेलाच. ताणणे आणि सुकणे एकाच वेळी चालल्यामुळे आतले तंतू पृष्ठभागाला समांतर बसतात आणि पखवाजाच्या पुडीसारखे टणक, पांढरट, दोन्ही बाजूंनी लिहिण्याजोगे पान हाती येते.

कसायाच्या सुरीचा नखाएवढा घाव ताण पडताच वाढून लंबगोल भोक होतो. वेळीच दिसला तर ओल्या कातड्यावर टाका घालतात. नाही तर लेखनिक भोकाला वळसा घालून वाक्य पुढे नेतो. असे वळसे पाहून ‘किड्याने खाल्ले’ म्हणणारे बरेच भेटतात. पण कीड लिहून झाल्यावर लागते, तेव्हा ती अक्षरे खाते. इथे अक्षरे भोकाच्या दोन्ही काठांवर शाबूत असतात.

किती जनावरे लागत? मोठ्या आकाराच्या ग्रंथात एका कातड्याची एक दुमड, म्हणजे दोन पाने. इंग्लंडमधल्या वेअरमाउथ-जॅरो मठात तयार होऊन ७१६ साली पोपला भेट म्हणून निघालेले बायबल आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. त्याची पाने हजाराच्या वर, वजन सुमारे ३४ किलो. त्यासाठी पाचशेच्या आसपास कातडी लागली असणार. लहान आकाराला कातडे आणखी दुमडत, त्यामुळे संख्या झपाट्याने उतरते. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये खिशात मावणारी बायबले निघाली. त्यांचे चर्मपत्र इतके पातळ, की ते गर्भातल्या वासराचे असावे असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पानावर खोडरबर हलकेच घासून त्या चुऱ्यातली प्रथिने तपासली. उत्तर साधे निघाले: वासरू, शेळी, मेंढी हीच नेहमीची जनावरे, आणि कमाल तासणाऱ्या हाताची. गर्भाची गोष्ट तरीही लेखांतून फिरतेच आहे. आपल्या लेखातही ती आहे.

चर्मपत्राला दोन तोंडे असतात. केसांची बाजू किंचित पिवळी, तिच्यावर केसांच्या मुळांचे ठिपके. मांसाची बाजू पांढरी आणि मऊ. उघडलेल्या जोडपानात डावे पिवळे आणि उजवे पांढरे दिसू नये म्हणून दुमडी अशा रचतात की केसांच्या बाजूसमोर केसांची बाजू आणि मांसाच्या बाजूसमोर मांसाची. चार दुमडी एकात एक घातल्या की आठ पाने, सोळा पृष्ठे. आपल्या छापखान्यातला एक फर्मा. ग्रंथात कुठे पिवळ्यासमोर पांढरे आले तर तिथले पान हरवले किंवा कापले गेले, असा पहिला संशय घ्यायचा. हरवलेली पाने शोधायला याहून स्वस्त उपाय नाही.

लिहिण्याआधी आखणी. फर्मा मिटून कडेने आरीने किंवा चाकूच्या टोकाने सर्व पानांतून एकदम टोचे मारायचे आणि समोरासमोरच्या टोच्यांना पट्टी लावून रेघा ओढायच्या. बाराव्या शतकापर्यंत बहुधा बिनशाईच्या बोथट टोकाने: एका बाजूला चर पडतो, दुसऱ्या बाजूला तीच रेघ उठून दिसते, एका श्रमात दोन पृष्ठे. मग शिशाची कांडी आली, आणि तेराव्या शतकापासून शाईच्या रेघा. टोचे बाहेरच्या समासात असतात. पुढे कधी पुन्हा बांधणी करताना कडा छाटल्या तर टोच्यांबरोबर समासातल्या टिपाही अर्ध्या जातात. टीपा लिहिणाऱ्याचे अर्धे वाक्य वाचून उरलेले अंदाजाने भरण्यात अभ्यासकांची वर्षे गेली आहेत.

लेखणी हंसाच्या किंवा राजहंसाच्या पंखातल्या बाहेरच्या पाच पिसांपैकी एक. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचे पीस बरे, कारण त्याचा बाक बोटांवरून बाहेर वळतो. पीस भिजवून तापलेल्या वाळूत खुपसतात, मग ते कडक होते. आणि तुरा? तो कापून, सोलून टाकतात. हातात उरते ती बोरूसारखी नळी. त्या काळच्या चित्रांतले लेखनिक पाहिले तर बहुतेकांच्या हातात अशीच बोडकी काडी दिसते, आणि दुसऱ्या हातात चाकू. तो चाकू दिवसभर खाली ठेवायचा नसे. त्याने बोथट टोक पुन्हा कापायचे, चुकलेले अक्षर खरवडायचे, आणि लिहिताना उचलू पाहणारे पान दाबून धरायचे. चर्मपत्र स्प्रिंगसारखे उसळते आणि बोटाने दाबले तर घामाचा तेलकट डाग पडून तिथे शाई धरत नाही.

शाईचे सामान मराठी घराला अनोळखी नाही. बाळगुटीतले मायफळ (ओकच्या झाडावर गांधीलमाशीच्या जातीतला एक कीटक अंडी घालतो, तिथे येणारी गाठ), हिराकस (लोखंडाचा क्षार), डिंक आणि पाणी किंवा वाइन. मायफळ कुटून भिजवायचे किंवा उकळायचे, गाळून त्यात हिराकस घालायचा, शेवटी डिंक. डिंकाने शाई दाट होऊन लेखणीवरून धावत नाही. प्रमाणे लिहिणारागणिक वेगळी, पण मायफळ ३, हिराकस २, डिंक १ हे वजनी प्रमाण बऱ्याच जुन्या कृतींशी जुळते. ताजी शाई फिकी उमटते आणि हवा लागून काही वेळात काळी पडते. काजळाची शाई कातड्याच्या वर बसते आणि घासली की निघते. ही आत मुरते. हिराकस जास्त पडला तर शतकांनंतर शाईच पानाला खाते आणि अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके पडतात. चर्मपत्रात चुन्याचा आणि खडूचा अंश असल्याने ते पुष्कळ तग धरते. कागदाचे हाल जास्त होतात.

आता मेणबत्ती. मठांत नक्कल करण्याचे काम दिवसाउजेडी चाले. वर्षानुवर्षांचे काम ठेवलेल्या खोलीत ज्योत नको, हे एक कारण. आणि अक्षराची प्रत्येक रेघ स्वतंत्र उचलून काढायची तर ज्योतीच्या हलत्या उजेडात ती जमत नाही, हे दुसरे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या मठात ओवरीच्या दक्षिण बाजूला खिडक्यांशी वीस छोटे कोनाडे आजही उभे आहेत. एकेका भिक्षूला बसून वाचण्या-लिहिण्यापुरती जागा. खिडकीचा उजेड हवा, तर थंडीही सोसायची.

नकलेतल्या चुका ठरावीक असतात, म्हणूनच त्यांचा उपयोग होतो. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर लेखनिकाची नजर पहिलीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो. तो समासात लिहून खूण करतात, आपल्या पोथ्यांतल्या काकपदासारखीच. जास्तीचे अक्षर खरवडायचे नसेल तर त्याखाली ठिपके देतात. लांब मजकूर रद्द करायचा असला तर सुरुवातीला ‘वा’ आणि शेवटी ‘काट’. जोडून वाचले की लॅटिन ‘वाकाट’, म्हणजे हा भाग रिकामा समजावा. प्रत्येक फर्म्याच्या शेवटी तळाशी पुढच्या फर्म्याचा पहिला शब्द लिहितात, म्हणजे बांधणाऱ्याला लॅटिन येत नसले तरी शब्द जुळवून क्रम लावता येतो. एकाच जागी तोच मजकूर गळलेल्या दोन प्रती सापडल्या तर त्या एकाच घराण्यातल्या, हे ताडून अभ्यासक प्रतींची वंशावळ मांडतात.

‘भिक्षू’ या शब्दाबद्दल आमची मुख्य तक्रार आहे. तेराव्या शतकापासून पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड इथल्या ग्रंथांचा मोठा भाग पैसे घेऊन काम करणाऱ्या गृहस्थांनी केलेला आहे. विद्यापीठाची सनद घेतलेला ग्रंथविक्रेता तपासलेली मूळ प्रत सुट्या तुकड्यांत ठेवी. एक तुकडा साधारण चार पानांचा, त्याला ‘पेचिया’ म्हणत. लेखनिक एकेक तुकडा भाड्याने नेई, उतरवून परत करी आणि पुढचा घेई. त्यामुळे एकाच ग्रंथाची नक्कल एकाच वेळी अनेकजण करू शकत. भाड्याचे दर विद्यापीठ ठरवी. पॅरिसमधल्या १२७५ आणि १३०४ सालच्या दरसूची टिकल्या आहेत. गफलत व्हायची ती अशी: हवा तो तुकडा दुसऱ्याने नेलेला असे. मग लेखनिक अंदाजाने जागा सोडून पुढचा तुकडा आधी उतरवी. अंदाज चुकला की एक तर पानाचा तळ रिकामा राही, नाही तर शेवटच्या ओळी मुंग्यांएवढ्या अक्षरांत कोंबाव्या लागत. अशा ग्रंथांच्या समासात तुकडा संपल्याचा आकडा बारीक अक्षरात दिसतो; हिशेबासाठी घातलेला, पुसायचा राहिलेला.

बायकांचा लेखात उल्लेखच नाही. बव्हेरियात वेस्सोब्रुन इथल्या दिमुट या साधिकेने बाराव्या शतकात चाळीसहून अधिक ग्रंथ उतरवले. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये रिशार आणि जान द मोंबास्तों हे जोडपे ग्रंथ रंगवण्याचा व्यवसाय करी. नवरा वारल्यावर १३५३ साली जानने विद्यापीठापुढे ग्रंथविक्रेती म्हणून स्वतः शपथ घेतली. जर्मनीतल्या डालहाइम मठाच्या दफनभूमीतल्या एका मध्ययुगीन स्त्रीच्या दातांवरच्या किटणात राजावर्ताचे (लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचे) कण सापडले, हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. कुंचल्याचे टोक ओठांत ओले करण्याच्या सवयीने ते तिथे गेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज.

तो राजावर्त अफगाणिस्तानातल्या बदकशानच्या खाणीतला. लाख आणि पतंगाच्या लाकडाचा तांबडा रंग आपल्याकडून आणि त्याही पूर्वेकडून जाई. शेंदूर, हिंगूळ, सफेदा, हरताळ, जंगाल ही बाकीची पेटी. यांतल्या काहींचे एकमेकांशी पटत नाही: हरताळातल्या गंधकाने सफेदा काळा पडतो, आणि जंगालाचा हिरवा रंग पानच खातो. सोने मात्र सर्वांत आधी. प्लास्टर, सफेदा, सरस आणि थोडी साखर किंवा मध यांचा उंचवटा घालून सुकवायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडून तो ओलसर करायचा, वर्ख ठेवायचा आणि कुत्र्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचा. आधी रंग दिला तर वर्ख रंगालाही चिकटतो, आणि घोटताना रंग फरफटतो. अर्धवट राहिलेल्या ग्रंथांत म्हणूनच सोने चमकते आणि चेहरे कोरे असतात.

बांधणीचे थोडक्यात. फर्मे चामड्याच्या पट्ट्यांवर शिवतात, पट्ट्या ओकच्या फळ्यांत ओवून खुंट्या ठोकतात, वर कातडे. कडेला पितळी कड्या असतात त्या शोभेच्या नव्हेत. न कमावलेले कातडे दमट हवेत पुन्हा जनावराच्या आकाराकडे ओढ घेते, म्हणून ग्रंथ दाबून बंद ठेवावा लागतो.

वाचणाऱ्यांकडे लेखकाने पाहिलेलेच नाही. संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे लेंटच्या उपासकाळाच्या आरंभी प्रत्येक भिक्षूला एक ग्रंथ मिळे आणि तो पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचायचा असे. अकराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक याने घालून दिलेल्या पद्धतीत वर्षाने यादी वाचली जाई, आणि ज्याचे वाचन झाले नसेल त्याने लोटांगण घालून कबूल करायचे. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात मौनाच्या वेळी ग्रंथ हवा असल्यास पान उलटल्याची खूण करीत. ग्रंथ ख्रिस्ती नसलेल्या प्राचीन लेखकाचा असेल तर जोडीला कुत्र्यासारखा कान खाजवायचा.

ग्रंथालयांत ग्रंथांना बांधलेल्या साखळ्यांबद्दल लेखक म्हणतात की ज्ञान कोंडून ठेवण्यासाठी त्या होत्या. घडत होते ते उलट. पॅरिसच्या सोर्बोन महाविद्यालयाकडे १२९० साली १०१७ ग्रंथ होते, १३३८ साली १७२२. त्यांचे दोन भाग केलेले: सतत लागणारे ग्रंथ मोठ्या दालनात साखळीने बांधलेले, म्हणजे कोणीही यावे आणि ते जागेवर हमखास सापडावेत, उरलेले तारण ठेवून घरी न्यायला मोकळे. इटलीत चेझेनाच्या मालातेस्ता ग्रंथालयात १४५० च्या दशकातली ५८ बाके आणि साखळ्या आजही जागच्या जागी आहेत. साखळी काढली असती तर ग्रंथ पेटीत कुलूपबंद गेला असता.

मजकुरातला संदर्भ शोधायचा कसा, हाही प्रश्नच होता. पृष्ठ क्रमांक निरुपयोगी, कारण प्रत्येक प्रतीत तोच मजकूर वेगळ्या पानावर येई. १२३० च्या दशकात पॅरिसच्या सेंट-जाक मठातल्या डॉमिनिकन भिक्षूंनी बायबलची शब्दसूची केली, तेव्हा त्यांनी अध्यायाचा आकडा घेतला आणि प्रत्येक अध्यायाचे मनातल्या मनात ‘ए’ ते ‘जी’ असे सात भाग पाडले. ‘सी’ म्हणजे अध्यायाच्या मध्याच्या जरा अलीकडे. कोणत्याही आकाराच्या, कोणाच्याही हातच्या प्रतीत ही खूण चालते.

कोणते पान किती वाचले, तेही पाहता येते. घरगुती प्रार्थनाग्रंथांत खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा मळ साचतो; काळेपणा मोजणारे उपकरण लावले की आवडती पाने आणि कधीच न उघडलेली पाने वेगळी पडतात. उपासनाग्रंथातल्या येशूच्या चित्राचे पुरोहित चुंबन घेत आणि चेहरा पुसट होई, म्हणून चित्रकार पानाच्या तळाशी एक लहान क्रूस खास चुंबनासाठी काढू लागले. पुष्कळ प्रतींत तो क्रूस झिजला आहे, आणि चेहराही.

लेखाच्या शेवटी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतल्या, इटालियन कवी दांतेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या हस्तलिखिताचा उल्लेख ‘जगात अशा दोनच प्रती’ असा आहे. हा दावा वर्षानुवर्षे एका बातमीतून दुसरीत उतरतो आहे. त्या काव्याच्या आठशेहून अधिक हस्तलिखित प्रती ज्ञात आहेत. दांतेच्या स्वतःच्या हातची मात्र एकही नाही. म्हणजे मुंबईची प्रतही त्या मोठ्या घराण्यातली एक. तिच्यात कोणते शब्द गळले, कोणते जास्तीचे आले, फर्म्यांच्या तळाचे शब्द जुळतात का, केसांच्या बाजूसमोर केसांची बाजू येते का, यावरून तिचे भाऊबंद कोण हे शोधता येते. ती पुन्हा कधी मांडली गेली तर शेजारच्या पाटीवर ‘जगात दोनच’ ऐवजी यातली दोन-तीन निरीक्षणे लिहावीत, आणि त्या पानाची केसांची बाजू कोणती हेही बाणाने दाखवावे, एवढी विनंती.

आपले विश्वासू,
ग्रंथजतनाच्या कामातील दोन वाचक, पुणे